दिवसेंदिवस चालणाऱ्या स्क्रिप्टची मेमरी चढतच जाते : शोध कुठून सुरू करावा?

रातकिडा_७ (धागाकर्ता)

पायथन ३.११, लिनक्स, एकच प्रोसेस, थ्रेड नाहीत. रांगेतून एक काम उचलायचं, त्याची सीएसव्ही फाइल वाचायची, हिशेब करून निकाल पोस्टग्रेसमध्ये लिहायचा, आणि काही कामांसाठी मॅटप्लॉटलिबने आलेख काढून पीएनजी साठवायचा, असं स्क्रिप्टचं स्वरूप आहे. तासाला साधारण ४०० कामं होतात. त्यांतल्या ६०च्या आसपास कामांना आलेख लागतो.

सुरुवातीला आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) १८० एमबी असते आणि तासाला अंदाजे ९४ एमबीने चढते. तीस तासांत ३ जीबी होतात, मग प्रोसेस जाते. एक्झिट कोड १३७. पायथनकडून एररची एकही ओळ येत नाही. सध्या क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) रोज पहाटे रीस्टार्ट होतं.

दर ५० कामांनंतर जीसी डॉट कलेक्ट (बेवारस ऑब्जेक्ट आवरणाऱ्या गार्बेज कलेक्टरची फेरी हाताने) घालून पाहिलं, मोठ्या व्हेरिएबलांवर डेल लावून पाहिलं. मेमरीच्या चढात तसूभरही फरक नाही. अंदाजाने इकडेतिकडे हात मारण्यापेक्षा तपासाचा क्रम काय असावा, हे जाणकारांनी सांगावं.

---

चौथा_खांब

आधी मारेकरी कोण ते नक्की करा. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल ९ ने मारलं गेलं. तो सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही, म्हणून एररची ओळ नाही. कर्नलने मारलं असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) किंवा जर्नलच्या कर्नल नोंदींत 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ प्रोसेस क्रमांकासकट सापडते. कंटेनरमध्ये असाल तर सीग्रुपच्या (कर्नलने मर्यादा घातलेला प्रोसेसचा गट) मेमरी डॉट इव्हेंट्स फाइलमधला ओओएम-किल हा आकडा वाढलेला दिसेल.

कंटेनरवाल्यांची इथे एक फसगत ठरलेली. मेमरी डॉट करंट या आकड्यात फाइलींचा पेज-कॅशेही (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) मोजला जातो. मोठ्या सीएसव्ही वाचल्या की तो फुगतो, पण गरज पडली की कर्नल तो स्वतःहून सोडतो. मेमरी डॉट स्टॅटमधला 'अ‍ॅनॉन' हा आकडा, म्हणजे प्रोसेसची स्वतःची, फाइलींशी न जोडलेली मेमरी, पाहा. तो चढत असेल तरच पुढचा तपास.

---

पिंपळपान

क्रम विचारला आहे, तर क्रमच सांगतो.

पहिली गोष्ट, एका आकड्यावरून निदान होत नाही. दोन आकडे एकाच ओळीत, एकाच क्षणी लिहा. एक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम देते ती आरएसएस, म्हणजे प्रोक फोल्डरमधल्या स्टेटस फाइलमधली व्हीएमआरएसएस. दुसरा म्हणजे पायथन स्वतः मोजते ती मेमरी, म्हणजे ट्रेसमॅलॉक या मॉड्यूलचा चालू आकडा. दर १०० कामांनंतर लॉगमध्ये एक ओळ: किती कामं झाली, आरएसएस, ट्रेसमॅलॉक.

दोन्ही एकाच चालीने चढत असतील, तर तुमच्याच कोडमधलं काहीतरी पायथनचे ऑब्जेक्ट धरून बसलं आहे. हे शोधायला सगळ्यांत सोपं. आरएसएस चढते आणि ट्रेसमॅलॉक सपाट, तर सीमध्ये किंवा सी-प्लसप्लसमध्ये लिहिलेली एखादी लायब्ररी तिच्या पद्धतीने मेमरी घेते आहे, किंवा मोकळी झालेली मेमरी अ‍ॅलोकेटर (प्रोसेससाठी मेमरी मागून वाटणारा भाग) सिस्टिमला परत देत नाही. दोन्ही चढतात पण वेग वेगळा, तर दोन कारणं एकत्र आहेत आणि ती वेगवेगळी सोडवावी लागतील. ही शेवटची शक्यता लोक विसरतात.

दुसरी गोष्ट, पातळी पाहू नका, चढ पाहा. पहिली ५०-१०० कामं सोडून द्या. इम्पोर्ट, डेटाबेस कनेक्शन, फॉन्टची यादी, रेग्युलर एक्स्प्रेशनचे कॅशे हे सगळं तेवढ्यात भरतं आणि थांबतं. त्यानंतरही दर कामामागे किती केबी वाढतात तो आकडा काढा. पुढचा सगळा तपास त्या भागाकारावर चालतो.

तिसरी, एकच फाइल तीच-ती २००० वेळा चालवून पाहा. चढ तसाच राहिला तर दोष कोडच्या वाटेत आहे, डेटात नाही. चढ थांबला तर नव्या किल्लीगणिक वाढणारा डिक्शनरी किंवा सेट शोधा.

आणि एक सावधगिरी. रिसोर्स मॉड्यूलमधला आरयू-मॅक्सआरएसएस वापरू नका. तो आजवरचा उच्चांक आहे, कधीच उतरत नाही, त्यामुळे निरोगी स्क्रिप्टही आजारी दिसते. शिवाय लिनक्सवर तो केबीत येतो आणि मॅकवर बाइटमध्ये, त्यामुळे हजारपटीचे गोंधळ होतात.

---

मधली_सुट्टी

एक भाषिक शंका. घागर गळते तेव्हा रिकामी होते. इथे तर भरतच चालली आहे. मग याला 'मेमरीची गळती' का म्हणायचं?

---

अनुस्वार

@मधली_सुट्टी, शब्द सी भाषेच्या काळातला आहे. तिथे मेमरी मागून घेतली आणि तिचा पत्ता हरवला तर ती कुणाच्याच हाती राहत नाही. सिस्टिमच्या साठ्याच्या बाजूने पाहिलं तर ती खरोखरच गळून गेलेली असते. पायथनमध्ये मात्र बहुतेक वेळा उलटं असतं. पत्ता हरवलेला नसतो, कुणीतरी तो घट्ट धरून ठेवलेला असतो. त्याला 'तुंबणं' म्हणावं. शब्द बदलला की शोधाची दिशाही बदलते: हरवलेलं शोधायचं नाही, धरून बसलेल्याला शोधायचं.

धागाकर्त्याचे दोन्ही उपाय का फसले तेही यातच आहे. डेल ऑब्जेक्ट मारत नाही, फक्त एक नाव पुसतं. दुसरीकडून एक जरी रेफरन्स असेल तरी ऑब्जेक्ट जिवंत. आणि गार्बेज कलेक्टर आवरतो ते एकमेकांना धरून फिरणारे पण बाहेरून कुणीच न धरलेले ऑब्जेक्ट. बाकी सगळं रेफरन्सची मोजणी शून्य झाली की तिथल्या तिथे मोकळं होतं. शिवाय तो आपणहून चालतच असतो, ३.११ मध्ये त्याचे उंबरठे ७००, १०, १० आहेत. हाताने कलेक्ट म्हटल्याने चढ अजिबात बदलला नाही, हीच मोठी खूण आहे: तुमचे ऑब्जेक्ट अनाथ नाहीत, त्यांना धनी आहे.

---

खटपट्या

इतकं खोदायची गरज आहे का? दर ५०० कामांनंतर प्रोसेस स्वतः बाहेर पडेल अशी सोय करा, सुपरवायझर (प्रोसेसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) परत उठवेल. गनिकॉर्नमध्ये मॅक्स-रिक्वेस्ट्स, सेलरीत मॅक्स-टास्क्स-पर-चाइल्ड, पीएचपी-एफपीएममध्ये पीएम डॉट मॅक्स-रिक्वेस्ट्स, मल्टिप्रोसेसिंगच्या पूलमध्ये मॅक्सटास्क्सपरचाइल्ड. सगळ्यांनी ही सोय उगाच दिलेली नाही.

---

पिंपळपान

@खटपट्या, सोय ठेवावी, पण तिला निदान समजू नये. आज कामामागे २४० केबी चढतात म्हणून ५०० कामं चालतात. उद्या कुणी आलेखाचा आकार दुप्पट केला की तीच मर्यादा अपुरी पडते, आणि प्रोसेस एखाद्या कामाच्या मध्यावर मारली जाते. अर्धवट लिहिलेला निकाल निस्तरणं हे मेमरी शोधण्यापेक्षा अवघड काम आहे.

---

चौथा_खांब

दोघांचंही घ्या. फक्त रीस्टार्ट ठेवायचा असेल तर घड्याळाप्रमाणे नको, दोन कामांच्या मधे हवा. आणि एकाहून जास्त वर्कर असतील तर सगळे एकाच आकड्यावर बाहेर पडू देऊ नका. गनिकॉर्नमध्ये त्यासाठी मॅक्स-रिक्वेस्ट्स-जिटर आहे, ती संख्या थोडी इकडेतिकडे करते.

---

अनुस्वार

ट्रेसमॅलॉक कसं लावायचं ते नेमकं सांगतो. पायथन ३.४ पासून (२०१४) ते भाषेसोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही.

स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळींत, इतर इम्पोर्टच्या आधी, स्टार्ट करा आणि फ्रेमची (फंक्शनांनी एकमेकांना मारलेल्या हाकांच्या साखळीतल्या पायऱ्यांची) संख्या १० द्या. काहीच दिलं नाही तर एकच फ्रेम नोंदवली जाते. मग प्रत्येक बोट लायब्ररीच्या आतल्या ओळीकडे जातं आणि तिला कुणी हाक मारली ते कळत नाही. २०० कामं झाल्यावर एक कलेक्ट, लगेच पहिला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या मेमरीची नोंद). ६०० कामं झाल्यावर पुन्हा कलेक्ट आणि दुसरा स्नॅपशॉट. दोन्हींतून ट्रेसमॅलॉकच्या स्वतःच्या ओळी गाळा, दुसऱ्याची पहिल्याशी तुलना 'लाइन-नंबर'प्रमाणे करा आणि वरच्या १५ नोंदी छापा.

पाहताना आकारासोबत संख्येतला फरकही पाहा. ४०० कामांमध्ये एखाद्या ओळीची संख्या नेमकी ४००ने किंवा ८००ने वाढली असेल, तर तीच. इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. नंतर त्याच स्नॅपशॉटची 'ट्रेसबॅक'प्रमाणे तुलना करा, म्हणजे हाकांची पूर्ण साखळी दिसते.

हे लावल्यावर स्क्रिप्ट संथ होईल आणि ट्रेसमॅलॉक स्वतःही मेमरी खाईल. ती किती खाल्ली हे सांगणारं फंक्शन त्याच मॉड्यूलमध्ये आहे. तेवढी आरएसएसमधून वजा करा, नाहीतर मोजमापच वाढ म्हणून दिसेल.

---

टिपकागद

पीएचपीवाल्यांसाठी समांतर माहिती, कारण कमांड लाइनवर तासन्‌तास चालणाऱ्या पीएचपी वर्करांची हीच रड असते.

तिथे मेमरी-गेट-यूसेज नुसतं बोलावलं तर स्क्रिप्टने वापरलेली मेमरी मिळते, ट्रू देऊन बोलावलं तर इंजिनाने सिस्टिमकडून घेतलेली. इंजिन २ एमबीच्या ढेपा घेतं, त्यामुळे दुसरा आकडा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. एक पायरी चढली म्हणून घाबरू नये. चक्राकार रेफरन्स आवरणारा कलेक्टर ५.३ पासून (२००९) आहे आणि संशयितांची यादी दहा हजारांवर गेली की तो चालतो. तुमची चक्रं संख्येने थोडी पण प्रत्येकात मोठा डेटा, असं असेल तर तो वेळेवर चालतच नाही. अशा ठिकाणी हाताने जीसी-कलेक्ट-सायकल्स म्हणणं खरोखर उपयोगी पडतं. पायथनमध्ये फुकट गेलेला उपाय इथे लागू पडू शकतो.

डॉक्ट्रिन (पीएचपीची डेटाबेस लायब्ररी) वापरत असाल तर एन्टिटी मॅनेजर हाताळलेली प्रत्येक एन्टिटी धरून ठेवतो. दर १००-२०० नोंदींनंतर फ्लश, मग क्लिअर. आणि मायएसक्यूएलची क्वेरी मुळात बफर होऊन येते, म्हणजे तुम्ही एकेक ओळ उचलत असलात तरी सगळा निकाल आधीच मेमरीत आलेला असतो. मोठ्या टेबलासाठी बफरिंग बंद करा. मात्र मग त्या कनेक्शनवर निकाल संपेपर्यंत दुसरी क्वेरी चालत नाही, तिच्यासाठी वेगळं कनेक्शन लागतं.

---

रातकिडा_७

पिंपळपान आणि अनुस्वार यांनी सांगितल्याप्रमाणे आकडे काढले. पहिली १०० कामं सोडून, ट्रेसमॅलॉकचा स्वतःचा खर्च वजा करून:

आरएसएस : तासाला ९४ एमबी
ट्रेसमॅलॉक : तासाला २४ एमबी

म्हणजे ७० एमबी पायथनला दिसतच नाहीत. एकच फाइल परत परत चालवली तरी चढ कायम आहे. त्या फाइलच्या कामाला आलेख लागत नसेल तर आरएसएसचा चढ एकदम खाली येतो, पण शून्य होत नाही.

---

गणकयंत्र

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. ७० एमबीला ६० आलेखांनी भागा: एका आलेखामागे सुमारे १.१७ एमबी. आता मॅटप्लॉटलिबचं चित्र मुळात ६४० गुणिले ४८० पिक्सेलचं असतं, आणि प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. ६४० × ४८० × ४ = १२,२८,८०० बाइट. एमबीत मोजलं तर १.१७.

म्हणजे प्रत्येक आलेखाचा रंगवलेला पट मेमरीत तसाच पडून आहे. हा पट सी-प्लसप्लसमधला रेंडरर स्वतः घेतो, पायथनच्या अ‍ॅलोकेटरकडून नाही. म्हणून ट्रेसमॅलॉकला त्याचा पत्ता नाही. त्याला दिसतात ते फक्त अक्ष, रेषा, खुणा यांचे पायथन ऑब्जेक्ट.

---

अनुस्वार

भागाकार अगदी नेमका आहे. कारण असं: पायप्लॉटमधून (मॅटप्लॉटलिबचं आलेख काढायचं मॉड्यूल) काढलेली प्रत्येक फिगर, म्हणजे आलेखाचं पूर्ण चित्र, पायप्लॉट स्वतःच्या यादीत ठेवतो. तुमच्या फंक्शनमधलं नाव गेलं तरी यादीतला रेफरन्स राहतो. पीएनजी साठवली म्हणजे फिगर बंद झाली असं नाही. २०पेक्षा जास्त फिगर उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये वॉर्निंग गाळल्या असतील तर तो दिसला नसेल. पायप्लॉटचं गेट-फिगनम्स बोलावून यादीची लांबी छापा.

उपाय दोन. सोपा: फायनलीमध्ये पायप्लॉटचं क्लोज, आणि त्यात ती विशिष्ट फिगर द्या. फायनली यासाठी की साठवताना अपवाद आला तर खालची क्लोजची ओळ चालतच नाही. नुसतं क्लिअर पुरत नाही, त्याने चित्र पुसतं पण फिगर यादीत राहते. अधिक चांगला उपाय: पार्श्वभूमीवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पायप्लॉट वापरूच नका. फिगर क्लास थेट घ्या, त्यावर अक्ष काढा, त्याच्याच सेव्हफिगने साठवा. मग यादीचा प्रश्नच नाही.

क्लोज केल्यावर मेमरी त्याच क्षणी उतरेल असं मात्र नाही. फिगर आणि अक्ष एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ते आवरायला गार्बेज कलेक्टरची फेरी यावी लागते. मेमरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसेल. दातांची टोकं एका उंचीवर राहिली म्हणजे झालं.

---

निळीशाई

नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) हेच प्रकरण इव्हेंट लिसनरांचं, म्हणजे एखादी घटना घडली की चालणाऱ्या फंक्शनांचं. एकाच एमिटरवर एकाच नावाचे दहापेक्षा जास्त लिसनर झाले की 'मॅक्सलिसनर्स' इशारा येतो. लोक मर्यादा वाढवून तो गप्प करतात, आणि नेमका तोच खरा पुरावा असतो. लूपच्या आत 'ऑन' लावला आणि काढला नाही, तर प्रत्येक लिसनर त्याच्या क्लोजरमधला सगळा डेटा धरून बसतो.

तिथे प्रोसेस डॉट मेमरी-यूसेज चार-पाच आकडे एकदम देतं. हीप-यूज्ड चढत असेल तर जावास्क्रिप्टचे ऑब्जेक्ट. एक्स्टर्नल किंवा अ‍ॅरे-बफर्स चढत असतील तर बफर. बरेच जण फक्त हीपचे स्नॅपशॉट तुलना करत बसतात आणि खरी वाढ बफरांत असते. स्नॅपशॉट घ्यायचाच तर मर्यादा गाठण्याच्या खूप आधी घ्या, कारण तो घ्यायला हीपच्या दुपटीच्या आसपास मेमरी लागते. ऐन वेळी घेतला तर स्नॅपशॉटच प्रोसेसला मारतो.

एक बारीक गोष्ट आवर्जून सांगते. व्ही-एटमध्ये (नोडचं जावास्क्रिप्ट इंजिन) मोठ्या स्ट्रिंगमधून १३ किंवा जास्त अक्षरांचा तुकडा काढला की तो नवी प्रत नसतो, मूळ स्ट्रिंगकडे बोट दाखवतो. ५ एमबीच्या पानातून २० अक्षरांचा ओळख-क्रमांक कापून मॅपमध्ये ठेवला, की ५ एमबी तिथेच अडकतात.

---

अनुस्वार

नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) तंतोतंत हाच प्रकार. मोठ्या अ‍ॅरेचा स्लाइस म्हणजे नुसती खिडकी, मागचा अख्खा अ‍ॅरे जिवंत राहतो. दहा आकडे जपायचे असतील तर कॉपी घ्या. पायथनची स्ट्रिंग मात्र तुकडा काढताना प्रत बनवते, तिथे ही भीती नाही.

स्ट्रिंगचा विषय निघालाच आहे तर, देवनागरी मजकूर हाताळणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगमधलं सर्वांत रुंद अक्षर पूर्ण स्ट्रिंगची रुंदी ठरवतं. निव्वळ रोमन असेल तर अक्षरामागे एक बाइट, देवनागरी आली की दोन, आणि एक जरी इमोजी आला तरी सगळ्या स्ट्रिंगला अक्षरामागे चार. म्हणजे १० एमबी रोमन मजकुराच्या शेवटी एक इमोजी जोडला की ४० एमबी. साठवून ठेवायचं असेल तर यूटीएफ-८ बाइट म्हणून ठेवा.

---

मधली_सुट्टी

तुंबण्याचा एक सोपा प्रश्न. आधी पाहिलेले दुवे परत घ्यायचे नाहीत म्हणून सेटमध्ये टाकत जातो. एक कोटी दुवे झाले तर किती मेमरी लागेल?

---

पिंपळपान

गणित करू. दुवा ८० अक्षरांचा धरा. ३.११ मध्ये रोमन स्ट्रिंगचा वरखर्च ४९ बाइट, मिळून १२९. अ‍ॅलोकेटर १६च्या पटीत देतो, म्हणून १४४. एक कोटी गुणिले १४४ म्हणजे १.४४ जीबी. सेटच्या तक्त्यातला प्रत्येक कप्पा १६ बाइटचा आणि तक्ता साठ टक्के भरला की वाढतो. एक कोटीसाठी १ कोटी ६७ लाखांचा तक्ता लागतो, म्हणजे आणखी २६८ एमबी. एकूण १.७ जीबी. वर, तक्ता वाढताना जुना आणि नवा क्षणभर दोन्ही मेमरीत असतात, त्यामुळे मधूनच उसळी येते.

दुव्याऐवजी त्याचा १६ बाइटचा हॅश ठेवला तर नोंद ६४ बाइटवर येते, एकूण ०.९ जीबी. तरी चढ चढच राहतो, फक्त मंद होतो. एसक्यूलाइटमध्ये युनिक इंडेक्स असलेलं एक टेबल करा आणि 'असेल तर दुर्लक्ष कर' अशा इन्सर्टने टाका. मेमरी ठरलेल्या कॅशेएवढीच राहते, आणि रीस्टार्टनंतर यादी जात नाही हा वरचा फायदा.

---

खटपट्या

आरएसएस आणि ट्रेसमॅलॉक यांत तफावत दिसली की मी तरी थेट जेमॅलॉक हा दुसरा अ‍ॅलोकेटर लावा म्हणेन. एलडी-प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एक नाव, कोडला हात नाही.

---

गणकयंत्र

@खटपट्या, या धाग्यातल्या स्क्रिप्टवर त्याचा काहीही परिणाम झाला नसता. फिगर जिवंत आहेत, जिवंत मेमरी कुठलाच अ‍ॅलोकेटर परत देऊ शकत नाही. अ‍ॅलोकेटर बदलण्याचा रोग वेगळा, आणि त्याची लक्षणं वेगळी.

तो असा ओळखायचा: एका मोठ्या कामात आरएसएस २ जीबीला जाते, काम संपतं, ट्रेसमॅलॉक ६० एमबीवर उतरतो, पण आरएसएस दीड जीबीवर अडकून राहते. पुढच्या मोठ्या कामात ती पुन्हा २ जीबीलाच जाते, वर नाही. ही गळतीही नाही, तुंबणंही नाही. पायथन ५१२ बाइटपर्यंतचे ऑब्जेक्ट स्वतःच्या एरिनामध्ये (सिस्टिमकडून एकदम घेतलेल्या मोठ्या तुकड्यात) ठेवतो. ३.१० पासून एक एरिना १ एमबीचा आहे आणि तो पूर्ण रिकामा झाला तरच परत जातो. त्यात एक ४८ बाइटचा ऑब्जेक्ट जरी उरला तरी अख्खा एरिना अडतो. अशा वेळी ते मोठं काम वेगळ्या चाइल्ड प्रोसेसमध्ये करणं सर्वांत खात्रीचं, प्रोसेस संपली की सगळंच परत.

थ्रेड बरेच असतील तर जीलिबसीचेही (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) एरिना असतात, ६४ बिटवर कोरच्या आठपटीपर्यंत. १६ कोरच्या यंत्रावर १२८ होऊ शकतात. तिथे मॅलॉक-एरिना-मॅक्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ ठेवून पाहा, किंवा सीटाइप्समधून मॅलॉक-ट्रिम बोलावून आरएसएस उतरते का पाहा. ट्रिमने लक्षणीय उतरली, तर आणि तरच जेमॅलॉकची चर्चा करण्यात अर्थ आहे. पायथन आणि सी दोन्हींकडची मेमरी एकत्र पाहायची असेल तर २०२२ मध्ये खुलं झालेलं मेमरे हे साधन वापरा, ते मॅलॉकच्या हाकाही नोंदवतं.

---

रातकिडा_७

आलेखाचा कोड फिगर क्लासवर नेला. जुन्या कोडमध्ये गेट-फिगनम्सची लांबी दोन तासांत १२१ झाली होती, आणि वॉर्निंग खरोखरच गाळलेल्या होत्या. आता:

आरएसएस : तासाला १४ एमबी
ट्रेसमॅलॉक : तासाला १४ एमबी

दोन्ही एकाच चालीने. तुलनेत वर येतात त्या लॉगिंग मॉड्यूलच्या ओळी. ४०० कामांत त्यांची संख्या बरोबर ४००ने वाढते. ट्रेसबॅकमध्ये मागे गेलं की गेट-लॉगर बोलावणारी आमची ओळ आहे. प्रत्येक कामाला त्याच्या क्रमांकाच्या नावाचा लॉगर, आणि त्याला एक स्ट्रिंगआयओ (मेमरीतच राहणारी फाइल) जोडलेला हँडलर, म्हणजे त्या कामाचा लॉग शेवटी डेटाबेसमध्ये टाकता येतो.

---

अनुस्वार

सापडलं. १४ एमबीला ४००ने भागलं तर कामामागे ३६ केबी, म्हणजे एका कामाचा लॉग मजकूरच.

गेट-लॉगरला दिलेलं प्रत्येक नाव लॉगिंग मॉड्यूल त्याच्या अंतर्गत डिक्शनरीत कायमचं ठेवतं. त्याच नावाने पुन्हा विचारलं तर तोच लॉगर मिळावा म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे, आणि ते काढण्याची अधिकृत सोय नाही. लॉगर गेला नाही म्हणून त्याचा हँडलर गेला नाही, हँडलर गेला नाही म्हणून स्ट्रिंगआयओ गेला नाही. नाव हे स्थिर असावं. क्रमांक, तारीख, वापरकर्ता असं बदलतं काहीही नावात घालू नये.

दुरुस्ती: मॉड्यूलला एकच लॉगर. कामाचा क्रमांक लॉगर-अडॅप्टरमधून किंवा एक्स्ट्रामधून द्या. स्ट्रिंगआयओचा हँडलर कामाच्या सुरुवातीला जोडा, फायनलीमध्ये रिमूव्ह-हँडलर आणि नंतर क्लोज. रिमूव्ह विसरलात तर एकाच लॉगरवर हँडलर साचतील, आणि चारशेव्या कामाची प्रत्येक ओळ चारशे ठिकाणी लिहिली जाईल. मेमरीसोबत वेगही जाईल.

जाता जाता एलआरयू-कॅशेही (फंक्शनचे निकाल लक्षात ठेवणारा डेकोरेटर) तपासा. मॅक्ससाइझ नन दिलेला किंवा नुसता कॅशे डेकोरेटर लावलेला असेल तर मर्यादाच नाही. मेथडवर लावला असेल तर सेल्फही किल्लीचा भाग बनतो आणि तो ऑब्जेक्ट कॅशेत अडकतो. काहीच न दिल्यास मर्यादा १२८ आहे, ती ठीक.

---

टिपकागद

जँगोवाल्यांनीही (पायथनची वेब-चौकट) याच जातीचं एक पाहून घ्या. डीबग ट्रू ठेवून लांब चालणारी कमांड चालवली तर प्रत्येक क्वेरीचा मजकूर कनेक्शनवर साठतो. आता त्याला ९००० क्वेरींची मर्यादा आहे, पण बल्क इन्सर्टची एकेक क्वेरी लाखभर अक्षरांची असेल तर ९००० ही फार मोठी संख्या आहे.

---

रातकिडा_७

७२ तास, २८,८०० कामं. आरएसएस ३१५ ते ३४० एमबीच्या दरम्यान करवतीसारखी, टोकांची उंची पहिल्या दिवशी होती तीच तिसऱ्या दिवशी. ट्रेसमॅलॉक काढून टाकलं. पहाटेचा रीस्टार्ट ठेवावा की काढावा?

---

चौथा_खांब

क्रॉन काढा. त्याजागी सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणारा प्रोग्रॅम) युनिटमध्ये मेमरी-हाय ६०० एमबी, मेमरी-मॅक्स १ जीबी, रीस्टार्ट 'ऑन-फेल्युअर'. हाय ओलांडली की कर्नल प्रोसेसला संथ करून मेमरी परत मागतो, मॅक्स ओलांडूनही परत मिळाली नाही की मारतो. म्हणजे चढ परत आला तर आधी कामं रेंगाळलेली दिसतील, आणि बाकी यंत्र वाचेल. दर १०० कामांमागची आरएसएसची ओळ मात्र लॉगमध्ये राहू द्या, तिला काहीच खर्च नाही.

---

पिंपळपान

आणि एक चाचणी कायमची घाला. नमुना फाइल, आलेखासकट, ५० वेळा चालवून सोडून द्या. मग कलेक्ट आणि जीसीच्या गेट-ऑब्जेक्ट्समधून प्रकारवार मोजणी. पुन्हा २०० वेळा, पुन्हा कलेक्ट, पुन्हा मोजणी. कुठल्याही प्रकाराची संख्या २०० किंवा त्याहून जास्त वाढली असेल तर चाचणी नापास करा. एमबीवर मर्यादा लावू नका, ती यंत्रागणिक डळमळते. संख्या डळमळत नाही. फिगर आणि लॉगर दोन्ही या चाचणीत पहिल्याच फेरीला पकडले गेले असते.